घळीत भेटलेले कऱ्हाडचे काका

या सदराच्या जुन्या वाचकांना मी माहीत असेन, पण वेगळ्या कारणाने. कुणी अनुभव टाकला की खाली शंका काढणारा तो मीच. "झोप झाली नसेल", "घरातला गॅस हीटर तपासून घ्या", "आठवण नंतर बदलते, यावर वाचा जरा"... हे सगळं मी लिहिलंय. सिडनीच्या स्कोफिल्ड्स भागात घर बांधलं तेव्हा आई फोनवर रडली तरी मी वास्तुशांत केली नाही. पुलांची डिझाइन्स करतो, आकडे जुळले तरच सही करतो. मला हे असलं काही होईल आणि ते मी इथेच येऊन लिहीन, असं कुणी म्हटलं असतं तर त्याच्याही खाली शंका काढली असती.

तर... २०२१ चा एप्रिल संपत आला होता. तेव्हा भारतात काय चाललं होतं ते सांगायला नको. इथे सिडनीत आम्ही मोकळे होतो — कॅफे भरलेले, मुलं शाळेत, ऑफिसही अर्धंअधिक सुरू. आणि खिशातला फोन म्हणजे स्मशान. सकाळी उठून व्हॉट्सअॅप उघडायची हिंमत होत नसे. बेड मिळेल का, ऑक्सिजन कुठे आहे, अमुक गेला, तमकी गेली. त्याच महिन्यात डोंबिवलीला माझे मामा गेले. मी त्यांचं शेवटचं दर्शन स्क्रीनवर घेतलं, तेही मध्येच अडकलं. आमची मीटिंग होती म्हणून मग मी लॅपटॉपवर दुसरी विंडो उघडली आणि मीटिंगला बसलो. हो, बसलो.

निखिल माझा कॉलेजपासूनचा मित्र, इथे पॅरामाटाला राहतो. तो म्हणाला, "आपण चार दिवस जिथे रेंज नाही अशा जागी जाऊ. नाहीतर वेड लागेल." साउथ ऑस्ट्रेलियाची बॉर्डर तेव्हा आमच्यासाठी उघडी होती, एक ऑनलाइन फॉर्म भरला की झालं. फ्लिंडर्स रेंजेसच्या पार उत्तरेला, जिथे डोंगर संपून वाळवंट लागतं, तिथे एक घळ आहे. घळीचं नाव देत नाही, कारण उगाच कुणी बघायला जाऊ नये. वरच्या पठारावर गाडी लावायची, एका कोरड्या ओढ्यातून दोनेक तासांत खाली उतरायचं, आणि मग घळीच्या तळातून चालत राहायचं. सांधण दरी बघितली असेल तर तसंच काहीसं, फक्त तांबडं, रुंद आणि ठणठणीत कोरडं.

आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको शलाका, निखिल, आणि निखिलचा शेजारी गुरप्रीत. गुरप्रीत लुधियान्याचा, एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स आहे. त्यानेही त्या वर्षी बरंच काही बघितलं होतं, पण बोलायचा नाही. मुलांना शलाकाच्या बहिणीकडे ठेवलं. ब्रोकन हिलला एक मुक्काम, मग युंटावरून उत्तरेला मातीचा रस्ता. शेवटची रेंज गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

पहिला दिवस चांगला गेला. एका डोहाशी तंबू लावले. डोह म्हणजे खडकाच्या पोटात साठलेलं गढूळ पाणी, पण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून पाणी गाळून, गोळ्या टाकून प्रत्येकी चार लिटर घेतलं आणि पुढे निघालो. पुढचा डोह सात किलोमीटरवर होता, तिथे पाणी असेल असं निखिलचं म्हणणं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही एका मोठ्या रेड गमच्या झाडाखाली सावलीला बसलो. ऊन होतं पण भाजणारं नव्हतं, सव्वीस डिग्री असेल. शलाका पोळीचे रोल काढत होती. तेव्हा खालच्या वळणाकडून एक माणूस चालत आला.

सत्तरीचा असेल. लेंगा, निळ्या चौकटीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पायात रबरी स्लिपर. बारीक अंगकाठी, दाढी आठवड्याची वाढलेली. पाठीवर काही नाही, हातात काही नाही, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. त्या जागी फक्त स्लिपर घालून यायचं म्हणजे... तिथले दगड बघितलेत तर कळेल तुम्हाला. तो सरळ आमच्याकडेच आला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला,

"पाणी आहे का हो थोडं?"

आम्ही चौघंही बघत राहिलो. मग शलाकाने बाटली पुढे केली. "बसा ना काका. तुम्ही इथे कसे?"

ते वाळूत मांडी घालून बसले आणि प्यायला लागले. मी माणसाला असं पाणी पिताना कधी बघितलं नव्हतं. लिटरची बाटली एका दमात गेली. दुसरी मागितली. अर्धं पाणी छातीवर सांडत होतं, श्वास घ्यायला थांबायचे आणि पुन्हा तोंडाला लावायचे. तिसऱ्या बाटलीला गुरप्रीतने हात धरला.

"अंकल, आराम से। एकदम इतना नहीं पीते।"

"पीने दो बाबा," ते म्हणाले. मुंबईकडच्या लोकांचं असतं तसं हिंदी. "कल से मांग रहा है, कोई देताच नहीं।"

आम्हाला वाटलं, कुठल्यातरी ग्रुपमधून चुकले. मुलाकडे आले असतील, कोविडमुळे वर्षभर इथेच अडकले असतील — असे कितीतरी आईबाप तेव्हा इथे अडकले होते. जवळ कुठेतरी कॅरॅव्हॅन असेल आणि घरचे शोधत असतील. विसरण्याचा आजार असावा, असं मला मनातून वाटलं.

शलाकाने विचारलं, "काका, कुठले तुम्ही?"

"कऱ्हाड. एसटीत कंट्रोलर होतो. सगळी सर्व्हिस स्टँडवर गेली." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, जणू बोर्ड शोधताहेत. "इथनं कॅनबेराला गाडी किती वाजता?"

निखिल हसला. "काका, कॅनबेरा लांब राहिलं. हजार किलोमीटरच्या वर."

"असं कसं? शर्वरीकडे निघालोय मी. माझी मुलगी. तिच्या घराच्या मागे टेकडी आहे, तिथनं वाट आहे. मी चाललोय ना त्या वाटेनं रोज." त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, "एक फोन लावून देता का तिला?"

"इथे रेंज नाही काका."

"मग निरोप द्या. म्हणावं, निघालोय. जेवायला थांबू नकोस."

निखिलकडे सॅटेलाइट मेसेंजर होता. छोटं यंत्र, त्याच्यावरून कुठल्याही मोबाइलवर मेसेज जातो. त्याने ते काढलं आणि म्हणाला, "नंबर सांगा." काका डोळे मिटून पाठ म्हणावा तसा सांगायला लागले, झिरो फोर... इथलाच मोबाइल नंबर होता.

आणि मी म्हणालो, "निखिल, थांब."

हे मी जसंच्या तसं लिहितोय, कारण सगळं याच्यापाशी येऊन थांबतं. मी इंग्रजीत म्हणालो, काकांना कळू नये म्हणून, की अरे, त्याला डिमेन्शिया आहे, नंबर बरोबर असेल कशावरून, कुणा भलत्याच बाईला घाबरवशील. आधी त्याची माणसं शोधू, इथेच असतील. बॅटरी कमी आहे, इमर्जन्सीला राहू दे. ही सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण वेगळं होतं. मी जिथून पळून आलो होतो तेच माझ्यासमोर स्लिपर घालून बसलं होतं. आणखी एक म्हातारा, आणखी एक धाप, आणखी एक परदेशातली मुलगी. मला ते नको होतं. तीन दिवस तरी नको होतं.

निखिलने यंत्र परत ठेवलं. काकांनी डोळे उघडले. सांगता सांगता थांबवलं तरी ते चिडले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाले.

मी आणि निखिल खालच्या वळणापलीकडे त्यांची माणसं शोधायला गेलो. वीसेक मिनिटं चाललो, हाका मारल्या. कुणी नाही. पुढचा डोहही दिसला तिथून — तळाची माती भेगाळलेली, पाण्याचा थेंब नाही. मागे वळताना निखिल म्हणाला, "मंदार, हा माणूस आला कुठून मग? खाली तर काहीच नाही."

परतलो तर झाडाखाली शलाका एकटीच उभी होती.

"काका उठले," ती म्हणाली. "म्हणाले, येतो मी, गाडी चुकेल. आम्ही बसा म्हणालो तरी ऐकेनात. गुरप्रीत गेलाय मागे."

गुरप्रीत वरच्या वळणावर उभा होता. त्याच्याजवळ गेलो तर तो आमच्याकडे न बघताच बोलला. "मैं पीछे ही था यार। बीस-तीस कदम। वो मोड़ से मुड़े, मैं मुड़ा... बस।"

त्या वळणापुढे घळ सरळ आहे. दीडेकशे मीटर तरी. दोन्ही बाजूंना उभे कडे, चार मजली इमारतीएवढे. झुडूप नाही, कपार नाही. सत्तरीच्या धापा टाकणाऱ्या माणसाने दहा सेकंदांत तिथून दिसेनासं होणं शक्य नाही. हे मी इंजिनिअर म्हणून सांगतोय.

आम्ही दोन तास शोधलं. घसा बसेपर्यंत "काका, काका" ओरडलो. वाळूत आमच्या बुटांचे ठसे होते, सकाळचेही होते. स्लिपरचे नव्हते. जिथे ते बसले होते तिथे पाणी सांडून वाळू ओली झाली होती, ती तेवढी होती. आणि पाणी... सकाळपासून आम्ही फार तर एकेक लिटर प्यालो होतो. बारा लिटर उरायला हवं होतं. नऊच्या आसपास होतं. मी नंतर या हिशेबाला खूप धडका मारल्या. आपणच जास्त प्यालो असू, बाटली कलंडली असेल. पण चौघांनी, एकाच दुपारी, एकाच माणसाला प्यायला दिलेलं पाणी आहे हो ते.

निखिलने मग इमर्जन्सीला मेसेज पाठवला की एक वृद्ध भारतीय माणूस घळीत हरवलाय. बॅटरी होती. तेव्हा मात्र होती. उत्तर आलं, शोध घेतो, तुम्ही परत फिरा. पुढे पाणी नव्हतंच, त्यामुळे आम्ही परत पहिल्या डोहाकडे निघालो. वाटेत गुरप्रीत एकदा म्हणाला, "उनके नाक पे निशान देखा? और गालों पे?"

मी बघितला होता. नाकाच्या वर आणि दोन्ही गालांवर लालसर, खोल वळ. मला वाटलं होतं चष्म्याचा असेल.

"चश्मे का नहीं है," गुरप्रीत म्हणाला. "वो मास्क का है। टाइट वाला, मशीन वाला। मैंने बहुत देखे हैं।"

दुसऱ्या दिवशी वर गाडीपाशी एक रेंजर आणि एक पोलिस अधिकारी भेटले. त्यांनी घळीच्या दोन्ही तोंडांना बघितलं होतं. आमच्या गाडीशिवाय आठवडाभरात तिथे कुठल्याही गाडीचे माग नव्हते. कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. त्या पोलिसाने सगळं नीट लिहून घेतलं, नंतरही दोन दिवस शोध घेतला म्हणे. निघताना मला म्हणाला, "Desert does funny things, mate. Drink some water." चांगला माणूस होता. मी खाली मान घालून हो म्हटलं.

रेंज आली तेव्हा चौघांचे फोन एकदम वाजायला लागले. त्यात एक बातमी होती की भारतातून येणारी विमानं बंद केलीत, आपल्या नागरिकांनाही येता येणार नाही. गाडीत कुणी ती मोठ्याने वाचली नाही.

घरी आल्यावर आम्ही हा विषय काढायचा नाही असं ठरवलं. म्हणजे ठरवलं नाही, काढला नाही. शलाका एकदा म्हणाली, "त्या शर्वरीला शोधायला हवं." मी म्हटलं, काय सांगणार? ती म्हणाली, "निरोप." मी उठून लाँड्री लावायला गेलो.

मग जूनमध्ये सिडनी बंद झालं. ते लांबलचक लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी इथल्या मराठी मंडळांनी मिळून ऑनलाइन श्रद्धांजली सभा ठेवली — ज्यांचे आईवडील, नातलग तिकडे गेले आणि जाता आलं नाही, त्यांच्यासाठी. मामांचा फोटो मीही पाठवला होता. एकेक फोटो येत होता, ज्याचं माणूस तो दोन शब्द बोलत होता. बहुतेकांना दोनही बोलता येत नव्हते.

सतरावा-अठरावा फोटो असेल. थंडीचा कोट, गळ्यात मफलर, मागे सुकलेल्या गवताची टेकडी. दाढी केलेली, अंगाने भरलेले. पण तेच. शलाकाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं उमटली. खालच्या चौकोनातून एक मुलगी बोलत होती, "हे माझे बाबा. हा फोटो आमच्या कॅनबेराच्या घरामागचा, गुंगालिनचा. ते इथे आले होते तेव्हाचा. बाबा एसटीत होते..." आणि पुढे तिला बोलता येईना. चौकोनात नाव होतं. शर्वरी.

मी कॅमेरा बंद केला.

शलाकाने तिला लिहिलं. मी लिहू देत नव्हतो, तरी लिहिलं. फोनवर सांगण्यासारखं नाही, भेटून सांगतो, एवढंच. बॉर्डर मोकळी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं गुंगालिनला गेलो. तिचा नवरा अमित आम्हाला दारात बघून जरा सावधच होता, आणि त्याचं बरोबर होतं. कुणीही असतो. घराच्या मागे खरंच टेकडी होती.

शलाकाने सांगितलं. मी काकांचे कपडे, बोलणं, वळ, जे जे आठवत होतं ते सांगितलं. सगळं झाल्यावर शर्वरीने विचारलं, "वार कुठला? किती वाजता?"

मी सांगितलं. तिने मनातल्या मनात चार तास वजा केले. ते तिच्या ओठांवर दिसलं.

"तिकडे सकाळचे नऊ," ती म्हणाली. "साडेआठला मी व्हिडिओ कॉलवर होते. नर्सने फोन धरला होता. बाबा मास्क ओढत होते. पाणी, पाणी म्हणत होते. नर्स म्हणाली, आत्ता देता येणार नाही, ऑक्सिजन खाली जातो. मग मीच त्यांना ओरडले. बाबा, मास्क काढू नका, पाणी नंतर. लहान मुलाला ओरडतात तशी ओरडले. साडेदहाला फोन आला. मधल्या वेळात नक्की कधी गेले ते कुणालाच माहीत नाही. जवळ कुणी नव्हतं."

मग तिने विचारलं,

"प्यायले पाणी?"

"हो," शलाका म्हणाली. "पोटभर प्यायले गं."

तेव्हा ती रडली. अमित तिच्याजवळ येऊन बसला. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी दारात उभी होती, तिने आमच्याकडे बघत विचारलं, "Mum, are they Aaba's friends?"

तिथेच थांबायला हवं होतं. शलाका आजही म्हणते की तिथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, हिला अर्धं सांगणं म्हणजे खोटं सांगणं. मी मेसेंजरचं सांगितलं. त्यांनी नंबर सांगायला सुरुवात केली होती, निखिल टाइप करणार होता, आणि मी थांबवलं.

"निरोप काय होता?"

"निघालोय. जेवायला थांबू नकोस."

तिचा चेहरा पार उतरला. "ड्युटीवरून फोन करून हेच सांगायचे आईला," ती म्हणाली. "रोज. आणि आई थांबायचीच." मग माझ्याकडे सरळ बघून, "एक मेसेज. तुम्हाला एक मेसेज पाठवता आला नाही?"

अमित म्हणाला, "मला वाटतं तुम्ही आता निघावं." आम्ही निघालो. कॅनबेरा ते सिडनी तीन तासांत शलाका एकच वाक्य बोलली, "तुझं मन हलकं करायला सांगितलंस तू." खरं होतं ते.

सहा-सात महिने तिचा काही निरोप नाही. मग दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात, तिचा मेसेज आला. "मला तिथे घेऊन चला." नमस्कार नाही, काही नाही.

निखिल आला नाही. त्याने हे सगळं मनातून पुसून टाकलंय. तो म्हणतो, आपल्याला खरंच कुणीतरी हरवलेला माणूस भेटला होता आणि तो घळीत कुठेतरी मेला, आणि आपण ते पचवू शकलो नाही म्हणून ही गोष्ट रचली. त्या फोटोबद्दल विचारलं की म्हणतो, म्हातारे सारखेच दिसतात. आता आम्ही फार बोलत नाही. गुरप्रीत मात्र आला. म्हणाला, "गाड़ी मैं चलाऊँगा।" अमितने मुलीपाशी थांबायचं ठरवलं. आम्ही तिघं आणि शर्वरी.

तिला ट्रेकची सवय नव्हती. टाचा सोलल्या, गुडघा फुटला, पण एक शब्द नाही. सॅकमध्ये तिने सहा लिटर पाणी घेतलं होतं, नको म्हटलं तरी. दुसऱ्या दिवशी साडेबाराला आम्ही त्या झाडाखाली पोचलो. मी जागा दाखवली. इथे बसले होते, इथे मान वर करून पाणी पीत होते, इथून उठले, त्या वळणाकडे गेले. ती त्या जागेसमोर बसली. आम्ही जरा लांब जाऊन बसलो.

एक वाजला. दोन वाजले. आधी ती नुसतीच बसली होती. मग तिने हाक मारली, "बाबा." हळूच, शेजारच्या खोलीत मारतात तशी. मग मोठ्याने. मग उठून वळणापर्यंत गेली आणि तिथे उभी राहून हाका मारत राहिली. कड्यावरून तिचाच आवाज परत यायचा, आणि दर वेळी ती थांबून ऐकायची. गुरप्रीत तोंड फिरवून बसला होता. शलाका रडत होती. मी, ज्याने कधी कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत, तो तिथे दगडावर बसून मनात म्हणत होतो की या. एकदा या. आम्हाला नाही दिसलात तरी चालेल.

कुणी आलं नाही. एक वॉलबी, लहान कांगारूच तो, कड्यावरून उतरून आली, आमच्याकडे बघून परत वर गेली. चार वाजता ऊन घळीतून निघून गेलं आणि थंडी वाजायला लागली. शर्वरी परत आली, सॅक पाठीवर घेतली आणि म्हणाली, "चला."

मंडळी, मला माहीत आहे आता खाली काय काय शंका येतील. त्या सगळ्या मी स्वतःला विचारून झाल्यात. चौघांना एकच भास? पाण्याचा हिशेब? आधी चेहरा बघितला होता का कुठे? नाही. कऱ्हाडला मी आयुष्यात गेलेलो नाही. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही. खरं सांगायचं तर ते कसे आले, याने माझी झोप जात नाही. आमच्याकडे का आले, याने जाते. चार अनोळखी माणसं, त्यातला एक मी.

परतताना युंटाच्या अलीकडे, त्या मातीच्या रस्त्यावर, दोन दिवसांत पहिल्यांदाच शर्वरी आपणहून बोलली. खिडकीबाहेर बघत होती. आमच्यापैकी कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

"मी त्या दिवशी घरीच होते हो. दिवसभर. कुठ्ठेही गेले नव्हते."